तात्यांचे हात

राजवर्धनला मानेखालचं काही हलवता येत नव्हतं. खांदे जरासे वर उचलता यायचे, मान दोन्हीकडं फिरायची, बोलणं आणि बुद्धी जशीच्या तशी होती. सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना तो सुट्टीत गावी आला होता. मित्रांबरोबर विहिरीवर पोहायला गेला आणि उन्हाळ्यानं पाणी किती खाली गेलंय हे न बघता त्यानं वरून सूर मारला. पोरांनी हातापायाला धरून त्याला वर काढलं आणि मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून रहिमतपूरच्या दवाखान्यात नेलं. मणका विहिरीत मोडला की त्या मोटारसायकलवर, हे कुठल्याच डॉक्टरनं पुढं सांगितलं नाही, आणि लालासाहेबांनीही कुणाला विचारलं नाही.

लालासाहेब म्हणजे त्याचे वडील. फौजेतून हवालदार होऊन परत आले होते आणि गावात ऊस बघत होते. मुलं त्यांना तात्या म्हणायची. थोरली राजेश्वरी लग्न होऊन सांगलीला विश्रामबागेत राहत होती. घरात आता तिघंच: लालासाहेब, त्यांची बायको मंगल, आणि सोप्यातल्या पलंगावर राजवर्धन.

राजवर्धनचं सगळं दुसऱ्यांच्या हातानं चालायचं. कवा कुशीवर वळवायचं, कवा भरवायचं, खिडकी उघडी ठेवायची का बंद, पंखा कितीवर ठेवायचा, हे आई ठरवायची किंवा तात्या ठरवायचे. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण त्याला विचारायचं असतं, हेच हळूहळू घर विसरून गेलं होतं. तोही काही म्हणत नसे. गावातली माणसं भेटायला यायची, पायथ्याशी उभी राहून त्याच्याबद्दल मंगलशी बोलायची आणि जायची.

मग एकदा विश्वजित आला. हा त्याचा कॉलेजातला मित्र, इस्लामपूरला त्याच्या घरचं वर्कशॉप होतं, साखर कारखान्यांच्या मशिनरीला लागणारे लहानमोठे पार्ट ते बनवायचे. बोलता बोलता तो म्हणाला की पार्टची ड्रॉइंग करून घ्यायला बाहेर जावं लागतं आणि माणसं वेळेत देत नाहीत. राजवर्धन म्हणाला की मी करून देतो. विश्वजितनं मंगलकडं पाहिलं. मंगल चहाची कपबशी उचलून आत गेली.

राजवर्धनच्या डोक्यात ते आधीपासून होतं. कॅमेरा तोंडाकडं बघतो आणि जिकडं मान वळेल तिकडं पडद्यावरचा बाण सरकतो, असा एक प्रोग्रॅम त्यानं मोबाइलवर पाहिला होता. बाण एका जागी थांबवला की क्लिक होतं. बाकीचे हुकूम तोंडानं द्यायचे. कॉलेजचा जुना लॅपटॉप होता, पण हा प्रोग्रॅम आणि ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर एकदम चालवलं की तो गोठून जायचा. नवा कॉम्प्युटर लागणार होता.

लालासाहेबांनी लगेच मान्य केलं. सांगलीतनं चांगल्यापैकी तयार घेऊन येतो म्हणाले. राजवर्धन नको म्हणाला. त्याला तो सुटे भाग आणून घरी जोडायचा होता.

"दुकानात तयार मिळतोय की," लालासाहेब म्हणाले. "आन् जोडणार कोण?"

"तुमी. मी सांगतो, तुमी जोडा." मग तो म्हणाला, "तात्या, माझ्या अंगावरचा शर्ट बी आई निवडती. ह्यातलं एक एक मी निवडणार हाय."

लालासाहेबांनी मोबाइल त्याच्या तोंडासमोर सरकवला.

पुढचे कित्येक दिवस त्याची निवड चालली होती. पलंगाला लावलेल्या स्टँडवर मोबाइल अडकवलेला, तोंडानं हुकूम देत तो शोधायचा, एकाशी दुसरं ताडून बघायचा, आणि रानातून आल्यावर लालासाहेबांना समोर बसवून सांगायचा. प्रोसेसर कंचा, मदरबोर्ड कंचा, त्याच्यावर कंची रॅम बसते. ड्रॉइंगला ग्राफिक्स कार्ड चांगलं लागणार, पण त्याच्या पंख्याचा आवाज मोठा नको, नाहीतर माइकला आपलं बोलणं कळायचं नाही. वीज पुरवणारा डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो अजिबात हलका घ्यायचा नाही, कारण तो गेला तर बाकीचं घेऊन जातो. कॅबिनेट त्यानं आधी एक छोटं, देखणं ठरवलं होतं. मग तात्यांच्या हातांकडं बघत राहिला. उसाच्या पात्यानं चिरलेली, जाड बोटं. त्यानं ते बदलून मोठं, ओबडधोबड कॅबिनेट घेतलं, आत हात फिरायला जागा असलेलं. कारण मात्र सांगितलं नाही. लालासाहेबांनी ते मंगलकडून ऐकलं, कारण तिच्यापाशी तो बोलून गेला होता.

प्रत्येक वस्तू ठरली की लालासाहेब विचारायचे, "खात्री हाय?" तो व्हय म्हणायचा. मग ते नाव आणि नंबर दोनचारदा पुटपुटून पाठ करायचे. फौजेत बंदुकीचा एकेक भाग असाच पाठ केला होता त्यांनी. कितीतरी महिन्यांनी घरात कुणीतरी राजवर्धनला काहीतरी विचारत होतं आणि त्याच्या उत्तरावर पुढचं ठरत होतं. त्याच्या आवाजात फरक पडला. भाजीत मीठ कमी हाय, खिडकी उघडा, असं तो सांगू लागला. मंगलला ते बरं वाटलं, आणि तिनं त्या कॉम्प्युटरचा मनातून धरलेला राग तेवढ्यापुरता सोडला.

लालासाहेब सांगलीला गेले, राजेश्वरीकडं उतरले. दुकानदारानं सगळं काढून समोर मांडलं, फक्त एसएमपीएस दुसराच होता. हाच घ्या, सारखाच असतो, सगळे हाच नेतात, असं तो म्हणाला. लालासाहेबांनी फोन लावला. राजवर्धननं डब्यावरचं स्टिकर अक्षर अक्षर वाचायला लावलं आणि नको म्हणून सांगितलं. दुकानदार फोनवर त्याला समजावू लागला, तरी तो बधला नाही. लालासाहेब सांगलीतच राहिले. दुसऱ्या दिवशी हवा तो डबा दुसऱ्या दुकानातून आला, तेव्हा सगळं घेऊन परतले. एसटीत खोकी मांडीवर धरून बसले होते, बाजूची सीट रिकामी असूनही.

जोडणी सोप्यात झाली. राजवर्धनला चाकांच्या खुर्चीत बसवलं, समोर टेबल, टेबलावर मंगलची जुनी सतरंजी. त्यानं आधी तात्यांना लोखंडी खिडकीला हात लावायला सांगितला, अंगातली वीज जावी म्हणून. मग प्रोसेसर. त्याच्या कोपऱ्यावर बारीक त्रिकोण असतो, तो मदरबोर्डवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. लालासाहेबांनी श्वास रोखून तो ठेवला. मग वरची पट्टी दाबताना कर्र असा आवाज आला आणि त्यांनी हात मागं घेतला. मोडलं म्हणून त्यांचा चेहराच उतरला.

"तसाच आवाज येतो," राजवर्धन म्हणाला. "दाबा. अजून."

लालासाहेब एरवी त्याला उचलायचे, धुवायचे, कपडे घालायचे. त्या वेळी दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं टाळत. इथं मात्र एकजण सांगत होता आणि दुसरा करत होता. सैन्यात जसा हुकूम घेतात तसा लालासाहेब तो घेत होते, आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता.

सगळं जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, पण पडदा काळाच. लालासाहेबांनी वायरी काढून पुन्हा लावल्या. तेच. त्यांचा धीर सुटला. आपल्याला हे जमायचं न्हाई, माणूस बोलावतो, असं म्हणून ते उठू लागले. राजवर्धन शांत होता. एक एक काढत जाऊ, तो म्हणाला. आधी ग्राफिक्स कार्ड काढायला लावलं, पडद्याची वायर सरळ बोर्डाला जोडायला लावली. तेच. मग रॅमची एक पट्टी काढून एकच ठेवली. तेच. मग त्यानं विचारलं की रॅम बसवताना आवाज आला होता का. लालासाहेबांना आठवेना. मोडायच्या भीतीनं त्यांनी ती अलगद ठेवली होती.

"मगाशी प्रोसेसरला जोर लावू नका म्हटलं, म्हणून हितं बी लावला न्हाई तुमी," राजवर्धन म्हणाला. "हिला लावायचा. दोन्ही अंगठ्यांनी दाबा."

त्यांनी दाबलं. खट् आवाज झाला. बटण दाबलं आणि पडद्यावर पांढरी अक्षरं आली. लालासाहेब खाली सतरंजीवर बसले. राजवर्धन हसत होता. मंगल आतून हात पुसत आली, तिला पडद्यावरचं काही कळलं नाही, ती पोराच्या तोंडाकडं बघत उभी राहिली.

त्यानंतरचे काही आठवडे बरे गेले. कॅमेरा बसवला, मानेचा सराव झाला. सुरुवातीला सरळ रेघ ओढायला त्याला अख्खी सकाळ लागायची. मान आखडायची, पाणी यायचं डोळ्यांतून. पण जमत गेलं. विश्वजितनं एक साधी बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी धातूची नळी, काढायला दिली आणि तिचं ड्रॉइंग त्यानं पुरं केलं.

मग कॉम्प्युटर आपोआप बंद पडायला लागला. काम चालू असताना एकदम काळोख. पुन्हा लावला की थोडा वेळ चालायचा आणि पुन्हा बंद. कधी बाण वेड्यासारखा थरथरायचा. न साठवलेलं काम जायचं. राजवर्धननं तात्यांना पुन्हा कामाला लावलं. तापतोय का बघा. प्रोसेसरवरचा पंखा काढून, जुनी पेस्ट पुसून नवी लावली. बंद. ग्राफिक्स कार्डाशिवाय चालवून पाहिला. बंद. रॅमच्या पट्ट्या अदलाबदल करून झाल्या. एकेक वायर उपसून पुन्हा बसवली. लालासाहेब टेबलाखाली बॅटरी घेऊन वाकलेले आणि राजवर्धन वर खुर्चीत, बघत, विचार करत, सांगत.

याच दिवसांत एक गोष्ट मागं पडली. दवाखान्यातून सोडताना नर्सनं मंगलला शिकवलं होतं की हा खुर्चीत असला की थोड्या थोड्या वेळानं खुर्ची मागं कलवायची, बुडाखालचा भार काढायचा, कारण त्याला दुखलेलं कळणार नाही. मंगलनं ते इतके महिने चुकू दिलं नव्हतं. पण आता ती कलवायला आली की तो म्हणायचा, थांब, एवढं बघू दे, कॅमेरा हलंल. लालासाहेब टेबलाखालून म्हणायचे, आलोच, झालंच. ती दोघांकडं बघायची. पोरगं इतक्या दिवसांनी कशात तरी गुंतलं होतं. ती परत जायची.

शेवटी लालासाहेबांनी आख्खं कॅबिनेट गोधडीत गुंडाळून सांगलीला नेलं. दुकानात ते दिवसभर चालू ठेवलं. एकदाही बंद पडलं नाही. दुकानदारानं काहीच दोष नाही म्हणून परत दिलं. घरी आणून लावलं आणि दुपारी पुन्हा बंद. लालासाहेबांनी कधी नव्हे ती टेबलाला लाथ मारली.

दोष सापडला तो मंगलमुळं. ती अनवाणी सोपा पुसत होती, ओला हात कॅबिनेटला लागला आणि तिनं चटकन मागं घेतला. काय झालं म्हणून राजवर्धननं विचारलं. काही न्हाई, मुंग्या आल्यागत झालं, ती म्हणाली. त्यानं तिला पुन्हा हात लावायला सांगितला, पण कोरडा, आणि पाटावर उभं राहून. या खेपेला काही झालं नाही. तात्यांच्या पायात कायम चप्पल असायची, आणि राजवर्धनच्या बोटांना तर काहीच कळत नव्हतं.

"तात्या," तो म्हणाला, "मशीन चांगलं हाय. आपल्या घराला अर्थिंगच न्हाई."

वायरमनला बोलावलं. तो मीटर लावून म्हणाला की खरंच आहे, गळणारी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार कुठंच गेलेली नाही, आणि शिवारातल्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेजही फार खाली येतंय. लालासाहेबांनी परसात स्वतः खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ थरांनी भरलं, पाणी ओतलं, तिथून तार घरात घेतली. सांगलीहून यूपीएस मागवला. ते सगळं झालं आणि कॉम्प्युटर सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालला. मोटारी सुरू झाल्या तरी चालला.

त्याच संध्याकाळी मंगल त्याला पुसून काढत होती. तिला चड्डीवर डाग दिसला. बसायच्या हाडावर, कातडीला बोटाच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. तिनं दाबलं तर आतून पू आला आणि वास सुटला. तिनं लालासाहेबांना हाक मारली नाही. ते दारातून आत आले तेव्हा ती तशीच बसलेली होती, ओलं फडकं हातात धरून.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की वरून लहान दिसत असलं तरी आत पोकळी झाली आहे, हाडापर्यंत गेली आहे. साफ करावी लागली. राजवर्धनला ताप होता, पण भूल द्यायची तेवढी गरज पडली नाही, कारण त्याला काही कळतच नव्हतं. ऑपरेशन करून मांस सरकवून भरता येईल, पण आधी जखम स्वच्छ व्हायला हवी, आणि त्यासाठी बसायचं नाही. पालथं किंवा कुशीवर. किती दिवस, ते डॉक्टर सांगेनात. महिने लागतात, म्हणाले. कधीकधी भरतही नाही.

घरी आल्यावर त्यांनी खटाटोप करून पाहिला. पलंग विटांवर उचलला, पडदा खाली जमिनीवर ठेवला, कॅमेरा त्याच्या बाजूला. पालथं झोपून मान काठावरून खाली काढायची. पण तशी मान धरून ठेवता येईना. बाण सगळीकडं पळत सुटायचा, तोंडातून लाळ पडद्यावर गळायची. कुशीवर ठेवून पाहिलं, तर कॅमेऱ्याला आडवा चेहरा ओळखू येईना. नुसत्या आवाजावर चार ओळी लिहिता आल्या असत्या, ड्रॉइंग करता येत नव्हतं. थोड्या दिवसांनी राजवर्धननं ते सगळं काढायला सांगितलं. मंगलनं कॉम्प्युटरवर जुनं लुगडं टाकलं.

मग तो बोलायचा थांबला. विचारलं तर व्हय, न्हाई. मिठाचं, खिडकीचं काही नाही. भरवलेलं तोंडात धरून ठेवायचा. राजेश्वरी सांगलीहून येऊन राहिली, तिच्याशीही बोलला नाही. जखम भरत नव्हती आणि वाढतही नव्हती. मंगल रोज ती उघडून धुवायची, आत पट्टी भरायची, कापसानं कडा टिपायची. हे काम ती कुणाला करू देत नसे.

पावसाळा निम्मा सरला होता. एका सकाळी मंगल दळण घेऊन गिरणीत गेली होती आणि लालासाहेब त्याच्या पायांना तेल लावत होते. राजवर्धन भिंतीकडं तोंड करून कुशीवर होता.

"तात्या, मला खुर्चीत बसवा."

लालासाहेबांना वाटलं त्याला दुसरं काही हवं असेल. मग त्यांना कळलं. त्यांनी बसवता येणार नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला की ठाऊक आहे. विश्वजितला तीन ड्रॉइंग देतो म्हटलं होतं, त्यातली दोन तशीच राहिलीत. आणि त्यानंतर आणखी करायची आहेत.

लालासाहेब अंगणात गेले आणि त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर सरळ बोलले. बसला तर जखम वाढेल, हाड सडेल, विष रक्तात जाईल. मी परवानगी देऊ शकत नाही. मग त्यांनी विचारलं, कोण म्हणतंय बसतो, तो स्वतः? लालासाहेब हो म्हणाले. डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले, मी परवानगी देऊ शकत नाही.

आत येऊन लालासाहेबांनी यातलं काहीही लपवलं नाही. हाड, विष, सगळं जसंच्या तसं सांगितलं. राजवर्धननं ते ऐकून घेतलं.

"न बसता बी ते भरंल असं कोण म्हणत न्हाई," तो म्हणाला. "मशीनचा एक एक भाग निवडला तवा तुमी मला विचारत होता. आता बी तसंच विचारा."

लालासाहेबांच्या हाताला तेल होतं, ते त्यांनी धोतराला पुसलं.

"खात्री हाय?"

"व्हय."

मंगल गिरणीतून आली तेव्हा तो खुर्चीत होता आणि पडद्यावर बाण हळूहळू सरकत होता. तिनं पिठाचा डबा खाली ठेवला. ती ओरडली नाही. नवऱ्याला मागच्या दारी बोलावून म्हणाली की त्याला आत्ताच्या आत्ता खाली घ्या. लालासाहेब म्हणाले की तो म्हणेल तेव्हा घेईन.

"तो पोर हाय. त्याला मरायचं असंल तर तुमी दोर देणार व्हय?"

"त्याला मरायचं न्हाई, मंगल. त्याला काम करायचं हाय."

त्या दिवसापासून ती लालासाहेबांशी कामापुरतंच बोलायची. सकाळी त्याला उचलायची वेळ झाली की ती गोठ्यात जायची. दुपारी तो पुन्हा पालथा झाला की हात धुऊन यायची आणि जखम बघायची. ती दिवसेंदिवस मोठी होताना तिनं एकटीनं पाहिली. राजवर्धन तिला विचारायचा, केवढी झाली, आई? ती खरं सांगायची. त्यानंच तसं सांगून ठेवलं होतं.

खुर्ची कलवायचं आता कुणी चुकवत नव्हतं, पण त्याचा उपयोग व्हायची वेळ टळली होती. राजवर्धनला रोज सकाळी थोडाच वेळ बसवत. तेवढ्यात तो घाई न करता काम करायचा. ड्रॉइंग इस्लामपूरला जायची, विश्वजितचा फोन यायचा, कुठं माप चुकलं असलं तर दोघं वाद घालायचे. एकदा चूक राजवर्धनची निघाली आणि लोखंड वाया गेलं. तो दिवसभर बेचैन होता, आणि लालासाहेबांना ते बघून का कोण जाणे बरं वाटलं.

गणपतीच्या दिवसांत विश्वजित आला. त्यानं एक पार्ट आणला होता, कारखान्यातल्या पट्ट्याला आधार देणारं ब्रॅकेट, राजवर्धनच्या ड्रॉइंगवरून केलेला. त्यानं तो त्याच्या मांडीवर ठेवला. मग, राजवर्धनला तिथं काही कळत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं तो उचलला आणि राजवर्धनच्या गालाला लावला. राजवर्धननं डोळे मिटले आणि मान हलवून गाल त्या लोखंडाच्या कडेवरून फिरवला, गोलाईपर्यंत, भोकापर्यंत. गार हाय, म्हणाला. आणि मग, ही कड अजून घासायला पायजे होती.

दिवाळीनंतर त्याला थंडी भरून ताप आला. सांगलीला नेलं. राजेश्वरी रोज डबा घेऊन यायची, मंगल त्याच्या उशाशी बसायची, लालासाहेब बाहेर बाकावर. औषधं बदलली, पुन्हा बदलली. शेवटचे दिवस तो शुद्धीत नव्हता. शुद्धीत होता तेव्हा त्यानं तात्यांना आत बोलावलं होतं, पण तोंडाला मास्क होता आणि त्याचं बोलणं त्यांना कळलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांनी कळल्यासारखी मान हलवली. सकाळी, दवाखान्यातली माणसं फरशी पुसत असताना, तो गेला.

सगळं आटोपल्यावर पाहुणे निघून गेले, राजेश्वरीही काही दिवस राहून परतली. घरात दोघंच उरली. मंगल स्वयंपाक करायची, ताट वाढायची, बोलायची नाही. लालासाहेब रानात लवकर जायचे आणि उशिरा यायचे. सोप्यातला पलंग उचलून माडीवर ठेवला होता. टेबल मात्र तिथंच होतं.

एका दुपारी ते जेवायला आले तेव्हा ती टेबलापाशी उभी होती. कॉम्प्युटरवर पुन्हा टाकलेलं लुगडं तिनं काढून घडी करून ठेवलं होतं.

"तुमी उचललं त्याला," ती म्हणाली.

"व्हय," लालासाहेब म्हणाले. "मी उचललं."

मग राजवर्धननं काय केलं होतं ते तिनं दाखवायला सांगितलं. इतक्या दिवसांत तिनं पडद्याकडं कधी नीट बघितलं नव्हतं.

लालासाहेबांनी बटण दाबलं. त्यांना माउस हातात धरून बाण चालवायची सवय नव्हती, सगळं राजवर्धन करायचा. पण एक फाइल उघडली. करड्या रंगावर एक निळसर वस्तू आली, आणि त्यांचा हात हलला तशी ती वळली. मंगलनं ती कशाची आहे म्हणून विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. विश्वजितला विचारायला पाहिजे, म्हणाले.

मंगल खुर्ची ओढून बसली. पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन ती त्या वस्तूकडं बघत राहिली.

"ह्याची वरची बाजू कंची?" तिनं विचारलं.

लालासाहेबांनी ती हळूहळू फिरवली. एका बाजूला थांबवली, मग दुसऱ्या. त्यांनाही सांगता येईना. ती म्हणाली, फिरवा अजून, आणि ते फिरवत राहिले.